गरम वाफा, एक वही आणि ब्लॅक कोहॉश

पाळी जाण्याच्या काळात, म्हणजे मेनोपॉजमध्ये, मला गरम वाफा यायच्या, आणि त्यावर हार्मोन थेरपी मला चालण्यासारखी होती. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलंही होतं. तरी मला आधी दुसरं काहीतरी करून बघायचं होतं, आणि त्यामागचं कारण काही फार शास्त्रीय नव्हतं. 'हार्मोन्स' म्हटलं की पोटात गोळा यायचा, एवढंच. 2002 साली अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाच्या बातम्या आल्या, त्यात स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो असं होतं. तेव्हापासून ती भीती माझ्या वयाच्या बायकांच्या मनात घर करून बसली आहे. त्या अभ्यासातल्या बऱ्याच जणी साठी ओलांडलेल्या होत्या, आणि नुकतीच पाळी गेलेल्या निरोगी बाईसाठी फायद्या-तोट्याचा हिशोब वेगळा असतो, हे डॉक्टरांनी मला नीट समजावलं. पटलं. पण पटलं म्हणून लगेच धीर होतोच असं नाही.

त्रास मात्र थांबायला तयार नव्हता. बोलता बोलता छातीत धडधड सुरू व्हायची, मग आतून वाफ उठायची, मानेवरून चढत कानशिलांपर्यंत जायची. वरच्या ओठावर घाम, चष्म्याच्या काचांवर धुकं. समोरचा माणूस आपल्याकडे बघतोय की आपल्यालाच तसं वाटतंय, तेही कळायचं नाही. थोड्या वेळात सगळं ओसरायचं आणि भिजलेल्या पाठीला थंडी वाजायला लागायची. दिवसाचं एक वेळ निभावून नेता येतं. रात्री पांघरूण फेकायचं, पुन्हा ओढायचं, कुशी बदलायची, यात झोपेचं खोबरं व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी मी घरातल्या सगळ्यांवर खेकसत असायचे.

हे का होतं ते वाचल्यावर मला जरा बरं वाटलं. शरीराचं तापमान मेंदूतला हायपोथॅलॅमस सांभाळतो. घाम सुटतो ती वरची पातळी आणि हुडहुडी भरते ती खालची पातळी, यांच्यामध्ये एरवी थोडी मोकळी जागा असते. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घटलं की तिथल्या काही चेतापेशी जास्तच चेकाळतात आणि ती जागा आकसते. मग तापमान जरासं इकडचं तिकडे झालं तरी मेंदू समजतो की अंग तापलंय. त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात, घाम सुटतो. म्हणजे हा 'मनाचा खेळ' नव्हता. मला तसं ऐकवणारे भेटले होते, म्हणून मुद्दाम लिहिते.

मैत्रिणीने ब्लॅक कोहॉशचं नाव काढलं. "अगं, झाडाची मुळी आहे, घेऊन बघ, काय होणार आहे त्यात!" झाडपाल्याबद्दलचं हे 'काय होणार आहे' मला कधीच पचलेलं नाही. डिजिटॅलिस हे हृदयाचं औषधही झाडापासूनच येतं, आणि त्याचा डोस चुकला तर माणूस जातो. मुळीत गुण असेल तर दोषही असू शकतो. गुणच नसेल तर घ्यायची कशाला?

म्हणून आधी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी उडवून लावलं नाही, कौतुकही केलं नाही. "घ्यायचं असेल तर घ्या, पण हर्बल आहे म्हणून मला सांगायचं राहून गेलं, असं करू नका," एवढंच म्हणाल्या. मी दुसरी कुठली औषधं घेते ते सगळं लिहून घेतलं. थायरॉइड तपासायला सांगितलं, कारण थायरॉइड जास्त काम करत असेल तरी धडधड आणि घाम येतोच, आणि मग सगळं मेनोपॉजच्या नावावर खपतं. हिमोग्लोबिन आणि लिव्हर फंक्शन टेस्टही केली. लिव्हरची का, तर ब्लॅक कोहॉश घेणाऱ्या काही जणींना यकृताची सूज आल्याच्या नोंदी आहेत. त्या थोड्या आहेत, आणि दोष नेमका त्या वनस्पतीचा की भेसळीचा की आणखी कशाचा, हे प्रत्येक वेळी ठरलेलं नाही. पण 2006 मध्ये युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या औषध नियामकांनी त्याबद्दल सावधगिरीचे इशारे दिले होते. सुरू करण्याआधीचा रिपोर्ट हातात असला की पुढे काही वाटलं तर तुलना करता येते.

निघताना डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली. सलग बारा महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात. त्यानंतर थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी वनौषधीने होत असेल असं म्हणून घरी बसायचं नाही, तपासून घ्यायचं. हे मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं.

इतर पर्यायही चाळून पाहिले होते. सोया आणि रेड क्लोव्हरमध्ये इस्ट्रोजेनसारखी वागणारी वनस्पतिजन्य द्रव्यं असतात. सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी उदासीवर घेतात, पण ते यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स वाढवून गर्भनिरोधक गोळ्यांपासून रक्त पातळ करणाऱ्या औषधांपर्यंत कितीतरी औषधांचा परिणाम कमी करतं, त्यामुळे ते मी लगेच बाजूला केलं. शतावरीबद्दल पूर्वापार पुष्कळ सांगितलं जातं, पण गरम वाफांवर तिच्या मोठ्या चाचण्या मला सापडल्या नाहीत. ब्लॅक कोहॉशवर चाचण्या बऱ्याच झाल्या आहेत. त्या सगळ्या त्याच्या बाजूने आहेत असं नाही, पण आपण कशात हात घालतोय ते निदान समजतं.

ही उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांतली वनस्पती. पांढऱ्या फुलांचे उंच तुरे येतात, औषधात वापरतात तो जमिनीखालचा कंद आणि मुळं. तिथले मूळ रहिवासी ती वापरत होते. 1875 पासून विकलं जाणारं लिडिया पिंकहॅम यांचं बायकांसाठीचं टॉनिक एके काळी फार गाजलं, त्यातही ही होती. जर्मनीत 1950 च्या दशकापासून तिचा अर्क औषध म्हणून मिळतो. वनौषधी तपासणाऱ्या तिथल्या कमिशन ई या समितीने 1989 मध्ये मेनोपॉजच्या तक्रारींसाठी तिला मान्यता दिली आणि सोबत एक अटही घातली: सहा महिन्यांपेक्षा जास्त घेऊ नये.

दुसरी बाजूही वाचली. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत 351 जणींना वर्षभर वेगवेगळे उपचार दिले होते. ब्लॅक कोहॉश घेणाऱ्या आणि नकली (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्या यांच्यात गरम वाफांच्या बाबतीत म्हणावा असा फरक पडला नाही. हार्मोन घेणाऱ्यांमध्ये पडला. चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2012 च्या आढाव्यात 16 चाचण्या पाहिल्या, तरी 'उपयोग होतो' असं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने 2023 च्या मार्गदर्शनात ब्लॅक कोहॉशची शिफारस केलेली नाही. एवढं वाचूनही मी ते घेतलं. काही जर्मन अर्कांच्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला होता, माझं यकृत ठणठणीत होतं, आणि मुदत ठरलेली होती. मला तेवढं पुरेसं होतं.

बाटली निवडण्यात मात्र माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. लेबलवर मी आधी शास्त्रीय नाव शोधायची: ॲक्टिया रेसिमोसा, किंवा जुनं नाव सिमिसिफ्युगा रेसिमोसा. 'ब्लू कोहॉश' ही संपूर्ण वेगळी वनस्पती आहे. तिच्यातल्या काही द्रव्यांचा परिणाम निकोटीनसारखा होतो आणि हृदयाला त्रास होऊ शकतो. नावं सारखी म्हणून घाईत भलतीच बाटली उचलली जाऊ शकते. मग आकडे. एकीवर 20 मिलिग्रॅम, दुसरीवर 40, तिसरीवर 540. वाटतं, 540 वाली जोरदार असणार. पण ती नुसती वाळवलेल्या मुळीची पूड असते आणि 20 वाला असतो अर्क, त्यामुळे दोन्ही आकडे एका तराजूत घालताच येत नाहीत. कमिशन ई ने सांगितलेली मात्रा म्हणजे दिवसाला 40 मिलिग्रॅम मुळीइतका अर्क. शिवाय बाजारातले नमुने तपासले तेव्हा काहींमध्ये ब्लॅक कोहॉशऐवजी त्याच कुळातल्या आशियाई वनस्पती निघाल्या होत्या. म्हणून मी अर्क कशाचा, कशात काढलेला आणि बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासलाय का, हे तिन्ही लिहिलेली बाटलीच घेतली. 'खास स्त्रियांसाठी' म्हणत दहा-बारा वनस्पती एकत्र केलेल्या बाटल्या सोडून दिल्या. काही बिनसलं तर बोट कुणाकडे दाखवणार?

गोळी सुरू करण्याआधी काही आठवडे मी नुसती वही भरली. वाफ कधी आली, किती जोराची, रात्री कितीदा जाग आली, त्याआधी काय चाललं होतं. जोर एक ते तीनमध्ये: नुसती ऊब वाटली तर एक, घाम आला तर दोन, हातातलं काम सोडावं लागलं तर तीन. हे आधी लिहिणं गरजेचं होतं, कारण अशा चाचण्यांमध्ये नकली गोळी घेणाऱ्यांच्या वाफाही बऱ्याच कमी होतात, कधी एक तृतीयांशाने, कधी त्याहून जास्त. माझं मन मला फसवणार हे धरूनच चालले होते. त्या काळात दुसरं काही बदलायचं नाही, असंही ठरवलं. नवा व्यायाम नाही, पंख्याखाली नवी जागा नाही.

सुरुवातीला पोटात थोडं मळमळायचं. जेवणानंतर घ्यायला लागल्यावर ते थांबलं. वाफांवर पहिले काही आठवडे काहीही फरक नव्हता, आणि हे अपेक्षितच होतं, परिणाम असलाच तर तो दिसायला चार ते आठ आठवडे द्यावेत असं सांगतात. त्यानंतर वहीत हळूहळू तिनाचे आकडे विरळ झाले. दिवसा येणाऱ्या वाफांची संख्या जवळपास तीच राहिली, पण जोर उतरला. रात्रीची जाग कमी झाली. झोप लागायला लागल्यावर चिडचिडही कमी झाली. घरचे म्हणाले, गुण आला. मी म्हटलं, थांबा जरा.

या सगळ्यात यकृताकडे लक्ष होतंच. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं किंवा कारण नसताना गळून जाणं, यातलं काहीही झालं तर गोळी तिथेच बंद करून डॉक्टरांकडे जायचं होतं. तसं काही झालं नाही. मधे एकदा केलेली टेस्टही नॉर्मल आली.

सहा महिने व्हायच्या आधीच मी गोळी बंद केली आणि वही चालू ठेवली. खरी उत्सुकता इथे होती. वाफा पुन्हा उसळतील असं वाटलं होतं. काही दिवस जरा वाढल्यासारख्या वाटल्या, मग पुन्हा होत्या तिथे आल्या. म्हणजे गोळीने काम केलं, की तिथवर माझं शरीरच थोडं स्थिरावलं होतं, की रोज लिहिल्यामुळे मी त्या वाफेला घाबरायची कमी झाले? माझ्या एकटीच्या वहीतून हे सुटं करता येत नाही. एका मोठ्या अमेरिकन पाहणीत हा त्रास मध्यमानाने सात वर्षांहून जास्त टिकतो असं दिसलं होतं, तेव्हा तो आपोआप गेला असंही छातीठोकपणे सांगवत नाही. मला गोळीने थोडा उपयोग झाला असावा, असं माझं मत आहे. मत म्हणूनच ते घ्यावं.

वहीने मात्र एक गोष्ट नक्की दाखवली. माझ्या तिनाच्या बऱ्याचशा वाफा कोंदट खोलीत, घाईगर्दीत किंवा कॉफीनंतर आलेल्या होत्या. या गोष्टी टाळणं मी गोळी बंद केल्यानंतर सुरू केलं आणि त्याचा फरक लगेच जाणवला.

ज्याला ब्लॅक कोहॉशने यत्किंचितही हात लावला नाही, तो त्रास मी कुणाला सांगितलाच नव्हता: योनीमार्गाचा कोरडेपणा, संबंधांच्या वेळी होणारी आग, वरचेवर लघवीला जावं लागणं. वाफा कधीतरी ओसरतात, हे मात्र उपचार न केल्यास वाढतच जातं. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी स्वतःहून विचारलं, तेव्हा जीभ रेटली. त्यांनी तिथेच लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम दिलं. ते रक्तात अगदी थोडं उतरतं. ज्या हार्मोनला मी एवढी घाबरत होते, ते अशा रूपात घ्यायला मला काहीच जड गेलं नाही, आणि काही आठवड्यांत आग थांबली. वाफा पुन्हा असह्य झाल्या तर काय, याचंही बोलणं तेव्हाच झालं. हार्मोन थेरपी आहेच. हार्मोन नको असतील तर काही अँटीडिप्रेसंट्स कमी मात्रेत चालतात, विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपीचा उपयोग होतो, आणि 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं फेझोलिनेटंट हे हार्मोन नसलेलं औषध थेट त्या हायपोथॅलॅमसमधल्या संदेशावरच काम करतं. गंमत म्हणजे त्याच्यावरही यकृताचा इशारा आहे.

बाटलीत काही गोळ्या उरल्या होत्या. दुसऱ्या एका मैत्रिणीने त्या मागितल्या. ती स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन हे इस्ट्रोजेनला अडवणारं औषध घेते. तिला म्हटलं, आधी तुझ्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचार, त्यांनी हो म्हटलं तर नवी बाटली आपण दोघी मिळून लेबल वाचून घेऊ. तिने विचारलं. त्यांनी नको सांगितलं, आणि तिच्या वाफांसाठी दुसरी गोळी लिहून दिली. उरलेल्या गोळ्यांची मुदत संपल्यावर मी त्या टाकून दिल्या.