पिसदुऱ्याचं शेण: वरोऱ्याजवळच्या वावरातली एक सकाळ

पिसदुऱ्याला काय आहे, असं विचारलंत तर वावरं आहेत. तूर, पऱ्हाटी म्हणजे कापूस, मधेच एखादी बाभूळ. तिकीटखिडकी नाही, सिमेंटचा डायनासोर नाही, निदान आम्हाला तरी दिसला नाही. तरी फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही तिघं नागपूरहून पहाटे साडेपाचला निघालो, ते शेण बघायला. डायनासोरचं, दगड झालेलं. घरी हे सांगितल्यावर काय काय ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही.

रस्ता सोपा आहे. नागपूर-चंद्रपूर मार्गानं बुटीबोरी, जांब, टेमुर्डा. वरोरा गाव नागपूरपासून साधारण शंभर किलोमीटर, आणि पिसदुरा वरोऱ्याच्या अलीकडे, दहा-बारा किलोमीटर उत्तरेला. शोधनिबंधांत 'पिसदुरा' असतं, गावाकडे 'पिजदुरा' म्हणतात; रस्ता विचारताना दुसरं नाव वापरा, नाहीतर लोक गोंधळतात. गाडी नसेल तर चंद्रपूरची एसटी वरोऱ्याला थांबते, रेल्वे स्टेशनही आहे. पुढे ऑटो ठरवावा लागेल, आणि जाण्या-येण्याचा ठरवा. परतीला वावरात ऑटो मिळत नसतो.

बुटीबोरी ओलांडताना हिस्लॉप आठवला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्याचं नाव आहे तोच हा स्टीफन हिस्लॉप. मिशनरी होता, पण जीव दगडांत. पिसदुऱ्याची हाडं पहिल्यांदा अभ्यासकांपर्यंत पोचली ती त्याच्यामुळं. १८६३ साली बुटीबोरीजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं बघून रात्री परतताना ओढ्याच्या पुरात तो बुडाला. आम्ही चारपदरी रस्त्यानं ते अंतर काही मिनिटांत कापलं.

साडेसातला पोचलो. पहिला दीड तास पाण्यात गेला आणि चूक सर्वस्वी माझी. मी आनंदानं गोळा करून रांग लावत होतो ते सगळे चुनखडीचे गोटे निघाले. वेडेवाकडे, गाठाळ, पांढरट. आमच्यातल्या भूगर्भशास्त्र शिकलेल्या मैत्रिणीनं एकेक उचलून मागं टाकला. खरा शेणगोटा वेगळा असतो: मुठीएवढा किंवा लहान, लांबट गोल, एका टोकाला निमुळता, आणि अंगावर उभ्या वळ्या. एकदा एक हातात आला की डोळा बसतो, मग आपोआप दिसत जातात. तोवर धीर धरा.

पलीकडच्या वावरात एक म्हातारी पऱ्हाट्या उपटत होती. बराच वेळ आम्हाला वाकून फिरताना बघून तिनं हाक मारली, "काय हरपलं का जी?"

"नाही आजी, गोटे पाहून राहिलो."

"डायनासोरचे का? मंग तिकडं कायले पाहता? धुऱ्यावर पाहा. वखरताना आडवे येते ते आम्ही तिकडंच फेकतो."

धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, तो ढीग बघून आम्ही गप्प झालो. शेणगोटे, शंखांचे तुकडे, आणि हाडाचा एक चपटा तुकडा, ज्याच्या तुटल्या कडेला स्पंजासारखी भोकं स्पष्ट दिसत होती. बघायला धुरा उत्तम. पण एक लक्षात ठेवा: ढिगातला दगड कुठल्या थरातून आला हे कायमचं हरवलेलं असतं, आणि अभ्यासकाला दगडाइतकाच तो थरही लागतो. म्हणून लाल मातीत जागेवर रुतलेलं काही दिसलं तर खणू नका. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा, फोनवर जागा नोंदवा आणि नागपूरला सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात कळवा.

आता मुळात या शेणासाठी एवढा आटापिटा का? ही लाल माती लामेटा थराची. दख्खनच्या लाव्हानं मुलूख झाकला त्याच्या आधीची, म्हणजे ढोबळमानानं ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आगेमागे साचलेली. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, बेटासारखा एकटा सरकत होता. शेणात त्या वेळच्या झाडोऱ्याचे अवशेष अडकले आणि मातीखाली गाडले जाऊन शेणाचा दगड झाला. २००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी पिसदुऱ्याच्या गोट्यांतून फायटोलिथ वेगळे काढले आणि 'सायन्स'मध्ये छापलं: यात गवत आहे.

फायटोलिथ म्हणजे वनस्पतीच्या पेशीत साठलेली सिलिका, काचेचे सूक्ष्म कणच म्हणा. गवताच्या पात्यानं बोट कापतं त्यात तिचा हात आहे. धानाची तूस जाळली की एवढी राख उरते तीही तिच्यामुळंच. पान कुजतं, हे कण राहतात, आणि त्यांचा आकार कुळागणिक वेगळा असल्यानं कोणतं गवत ते ओळखता येतं. तोवर गवताचे खात्रीचे जुने पुरावे होते साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासचे, डायनासोर गेल्यानंतरचे. चित्रात डायनासोरच्या पायाखाली गवत दाखवलं तर जाणकार चूक काढायचे. पिसदुऱ्यानं ती चूक बरोबर ठरवली. आणि एकच गवत नव्हे, निदान पाच वेगवेगळ्या शाखांचं. २०११ च्या अभ्यासात तर भाताच्या गोतावळ्यातलंही. अर्थात गवत हा जेवणातला थोडासाच भाग होता. बाकी ताडासारखी झाडं, सूचिपर्णी असं बरंच.

हे शेण नेमकं कोणाचं, यावर शिक्का मारता येत नाही. त्याच थरात टायटॅनोसॉर या अवाढव्य शाकाहाऱ्यांची हाडं मिळतात म्हणून बोट त्यांच्याकडे जातं. पण तिथं कासवं होती, 'मॅडसोइया पिसदुरेन्सिस' नावाचा मोठा सापही होता. सगळे गोटे एकाच जनावराचे असं समजू नका. गाडीत यावरून आमचं भांडण झालं आणि ते मिटलेलं नाही.

तिथून डोंगरगाव जवळच. नावातला डोंगर म्हणजे टेकाडच. इथं भारतीय सांख्यिकी संस्थेच्या सोहन जैन यांच्या चमूला १९८० च्या दशकात एका टायटॅनोसॉरचा सांगाडा मिळाला, आपल्याकडच्या मानानं बराच शाबूत. १९९७ मध्ये त्याचं 'टायटॅनोसॉरस कोलबर्टी' असं बारसं झालं, पुढे २००३ मध्ये संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (ISI) 'आयसिसॉरस'. सांख्यिकी संस्थेच्या नावाचा डायनासोर चंद्रपूर जिल्ह्यातला, हे मला फार आवडतं. प्रत्यक्षात मात्र टेकाडावर बघण्यासारखं कमी आहे. वेळ कमी असेल तर डोंगरगाव सोडा, पिसदुऱ्याला जास्त थांबा.

जायचं कधी? पऱ्हाटी उपटल्यावर, म्हणजे फेब्रुवारी, फार तर मार्चचा पहिला आठवडा. उभ्या पिकात शिरू नका. पावसाळ्यात चिखल बुटाला किलोकिलोनं चिकटतो, आणि एप्रिल-मे मध्ये चंद्रपूरचं ऊन म्हणजे काय ते मी सांगायला नको. माणशी तीन लिटर पाणी, टोपी, भिंग. हातोडी घरी ठेवा. हातोडी दिसली की लोकांना वाटतं गुप्तधनवाले आले. वावर कोणाचं ते आधी विचारा, मालकाला भेटा, मगच आत जा. आम्हाला कोणी नाही म्हटलं नाही, एका घरी तर चहा झाला. लहान मुलं दगड विकायला आणतील तर घेऊ नका, एकदा भाव फुटला की धुरा महिन्यात रिकामा होईल. आणि खिशात घालून काही आणू नका. मी एक गोटा घातला होता, खोटं कशाला बोलू. मैत्रिणीनं गाडीत बसण्याआधी काढायला लावला.

पायजमा किंवा जीन्स चालेल, पण मोजे लोकरीचे नकोत. हा सल्ला मला कोणी दिला नव्हता. परतताना जांबला चहा प्यायला थांबलो तेव्हा अर्धा तास आम्ही तिघं टपरीच्या बाकावर पाय वर घेऊन मोज्यांतली कुसळं उपटत बसलो होतो.