उकिरडा कुठं आहे?

साल १९८४. नववीत असताना शाळेच्या हस्तलिखितासाठी मी एक दणदणीत लेख दिला होता. पिरॅमिड परग्रहवासीयांनी बांधले! दोन-अडीच टनांचे दगड माणसाला हलणं शक्य नाही, सबब तबकडीतून कोणीतरी आलं, असा बिनतोड युक्तिवाद. सोबत तबकडीचं चित्र, तांबड्या-निळ्या दिव्यांसकट.

इतिहासाच्या बाईंनी वही परत दिली. शुद्धलेखनाच्या चार चुका आणि समासात तांबड्या शाईची एक ओळ : ‘यांचा उकिरडा कुठं आहे?’

मला वाटलं, लेखालाच उकिरडा म्हणाल्या. भीत भीत विचारलं.

“अरे, एवढं काम करणारे वीस वर्षं तरी तिथं राहिले असतील. काही खाल्लं असेल, भांडी फुटली असतील, हत्यारं बोथट झाली असतील, एखादा मेलाही असेल. ते सगळं गेलं कुठं?”

“जाताना सोबत नेलं असेल, बाई.”

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. “बरं. मग काय सापडलं तर तू हा लेख मागे घेशील, तेवढं लिहून आण.”

आठ दिवस वही उघडून बसलो. एक ओळ सुचली नाही.

गंमत अशी, की मजुरांचा उकिरडा तेव्हा बाईंनाही दाखवता आला नसता. पिरॅमिडजवळच्या मजुरांच्या कबरी उजेडात आल्या १९९० मध्ये. त्यांतल्या सांगाड्यांचे मणके ओझ्यानं झिजलेले, काहींची हाडं मोडून पुन्हा नीट जुळलेली. पुरातत्त्वज्ञ मार्क लेहनर यांच्या चमूनं जवळची वस्ती खणली, तर भट्ट्या, पाव भाजायची मातीची भांडी आणि गुराशेळ्यांच्या हाडांचे ढीग. मग २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फला पपायरस सापडले. मोठा पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफू राजाच्या काळातल्या मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी! तुराच्या खाणीतला चुनखडक होडीत कधी भरला, पिरॅमिडांपाशी, गिझाला कधी पोचला, दिवसवार नोंद. माझा जन्म हिशेब तपासण्यात गेला, त्यामुळे ही बातमी वाचून मला काय झालं ते वेगळं सांगायला नको. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. याला साडेचार हजार लागली.

पुढे सवयच लागली. कुठलाही ‘थरारक शोध’ वाचला की आधी उकिरडा शोधायचा. अमेरिकेत मिनेसोटाला १८९८ मध्ये रून या जुन्या उत्तर युरोपीय लिपीतला एक शिलालेख निघाला आणि व्हायकिंग तिथवर पोचल्याचा गवगवा झाला. दगड आहे, पण भोवती दुसरं काहीच नाही. कॅनडातल्या लान्स ओ मेडोजला मात्र १९६० पासून इंगस्टाड दांपत्याला घरांचे पाये, लोखंडाची मळी, चातीचं चकतं असलं किरकोळ सामान मिळत गेलं. तिथली धातूच्या पात्यानं तोडलेली लाकडं इसवी सन १०२१ मधली, हे २०२१ साली वृक्षवलयांवरून ठरलं. दिसायला शिलालेख केव्हाही भारी!

आफ्रिकेतल्या ग्रेट झिंबाब्वे या जुन्या दगडी अवशेषांची गोष्ट मात्र वाचवत नाही. आफ्रिकन माणसांनी असे दगडी कोट बांधले हे गोऱ्या राज्यकर्त्यांना पचेना, म्हणून कधी फिनिशियन तर कधी शेबाची राणी पुढं केली. १९०२ पासून रिचर्ड हॉल या देखरेख्यानं तिथले मातीचे थर घाण म्हणून उपसून फेकले. म्हणजे पुरावाच फेकला. १९२९ मध्ये पुरातत्त्वज्ञ गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी हात न लागलेल्या जागी खणून दाखवलं, की बांधणारे तिथलेच. माझ्या तबकडीवाल्यांनीही मिसरी मजुरांचं श्रेय असंच पळवलं होतं, हे मला फार उशिरा उमगलं.

तज्ज्ञ फसत नाहीत असं नाही. इंग्लंडमधल्या पिल्टडाउनची बनावट कवटी माणूस आणि वानर यांच्यातला दुवा म्हणून १९१२ पासून १९५३ पर्यंत खपली. पण पकडली तीही हाडांचं वय ताडायला त्यांतलं फ्लोरिन मोजणाऱ्या तज्ज्ञांनीच.

माझा लेख अर्थात हस्तलिखितात आला नाही. तबकडीचं चित्र बाईंनी घेतलं आणि खाली आपल्या अक्षरात ‘कल्पनाचित्र’ असं लिहिलं. तो अंक ग्रंथालयाच्या कपाटात अजून असेल, तर त्यातला निळा दिवा माझ्या शेजाऱ्यानं रंगवला होता, हेही या निमित्तानं नोंदवून ठेवतो.