दंडावरचं पीस कुणाचं?

गेले चार दिवस मी कॉम्प्युटरवर एका नटाच्या दंडावरचं पीस पुसतेय. पीस म्हणजे पिसाचा टॅटू. शॉट 212 फ्रेम्सचा, आणि या बाबानं त्यात दोनदा हात वर केलाय. हात वर गेला की कातडी ताणली जाते, पिसाचं टोक काखेकडे पळतं आणि त्याच्यामागे माझा पॅच, म्हणजे वर बसवलेला कातडीचा तुकडा, धावतो. ब्लर मारून भागत नाही. कातडीची छिद्रं, लव, घामाची चमक, सगळं परत बसवावं लागतं. मला आलेली सूचना एका ओळीची होती: 'क्लिअरन्स नाही, काढून टाका.' दंड त्याचा, कळा सोसल्या त्यानं, पैसेही मोजले त्यानंच. पण चित्र काढणाऱ्याची सही कागदावर नाही.

ही धास्ती सुरू झाली ती बॉक्सर माइक टायसनच्या चेहऱ्यापासून, असं मला वाटतं. डाव्या डोळ्याभोवतीचं ते गोंदण व्हिक्टर व्हिटमिलनं 2003 मध्ये केलं आणि चित्राचे हक्क आपल्याकडेच राहतील असं टायसनकडून लिहूनही घेतलं. 2011 मध्ये 'द हँगओव्हर पार्ट 2'मध्ये दुसऱ्याच नटाच्या तोंडावर तेच चित्र दिसलं, तसा तो कोर्टात गेला. कोर्टानं प्रदर्शन रोखलं नाही, पण त्याचा दावा भक्कम असल्याचं सांगितलं. तडजोड झाली नाही तर डीव्हीडीसाठी चेहऱ्यावरचं चित्र डिजिटली बदलू, असं वॉर्नर ब्रदर्सनं तेव्हा म्हटलं होतं. हे वाचून माझ्या पोटात गोळाच आला. अख्ख्या सिनेमाभर, हलत्या-बोलत्या तोंडावर! सुदैवानं तडजोड झाली आणि कुण्या क्लीनअपवाल्याचा जीव वाचला. (मुळात त्या नक्षीवर न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या गोंदणाची छाप आहे, असा आक्षेपही निघालाच होता. त्यांनी कुणाकडे सही मागायची?)

व्हिडिओ गेममध्ये तर पुसायचीही सोय नाही. टॅटू पुसला की बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स लेब्रॉन वाटतच नाही. 'एनबीए 2के' या बास्केटबॉलच्या गेममधल्या लेब्रॉनसह तीन खेळाडूंच्या टॅटूंवरून खटला झाला. 2020 मध्ये तो गेम कंपनीच्या बाजूनं गेला. गेममधले टॅटू प्रत्यक्षातल्या आकाराच्या 4.4 ते 10.96 टक्केच दिसतात, असं निकालात आहे. हा आकडा ज्यानं मोजला त्याला माझा दंडवत, कारण असली मोजणी आमच्याच खात्यातली. कोर्टाचा दुसरा मुद्दा मात्र मला जास्त पटला: खेळाडू चारचौघांत वावरणार, टीव्हीवर दिसणार, हे गोंदणाऱ्याला ठाऊक होतं, म्हणजे परवानगी त्यातच आली.

मग रँडी ऑर्टनचं काय? तो कुस्तीगीर, त्याचेही दंड टीव्हीवरच दिसायचे. त्याला गोंदणाऱ्या कॅथरीन अलेक्झांडरनी त्याच गेम कंपनीवर दावा लावला आणि 2022 मध्ये ज्युरीनं कौल त्यांना दिला. भरपाई 3,750 डॉलर! त्याआधी, 2009 मध्ये, ऑर्टनच्या कुस्त्या दाखवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीनं त्यांना 450 डॉलर देऊ केले होते आणि त्यांनी ते नाकारले होते. पैशासाठी कुणी इतकी वर्षं भांडत नाही. कंपनी तीच, प्रश्न तोच, निकाल उलटे. आमचे निर्माते मग विषाची परीक्षा कशाला घेतील? ते पुसायलाच सांगणार.

या डब्ल्यूडब्ल्यूईचीही गंमत आहे. आधी त्यांचं नावही डब्ल्यूडब्ल्यूएफच होतं. त्या आद्याक्षरांवरून वन्यजीव वाचवणाऱ्या, पांडावाल्या डब्ल्यूडब्ल्यूएफ संस्थेशी भांडण हरल्यावर 2002 मध्ये त्यांना स्वतःचं नाव बदलावं लागलं. पुढे कित्येक वर्षं जुन्या कुस्त्यांच्या चित्रीकरणातला स्वतःचाच लोगो ते ब्लर करत होते. ते काम ज्याच्या वाट्याला आलं असेल त्याच्याशी एकदा बोलायला आवडेल.

माझ्या मनगटावर एक गोगलगाय आहे. एका मैत्रिणीनं काढलेली, कुठून उचललेली नाही. इतकी वर्षं मी तिला 'माझी गोगलगाय' म्हणत आले. परवा प्रोफाइल फोटोत मनगट येत होतं, म्हणून पहिल्यांदाच तिला विचारलं, लावू का? दोन मिनिटांत उत्तर आलं, 'लाव की गं. पण शिंगं कापू नकोस, मागच्या फोटोत कापली होतीस.'

मागचा फोटो उघडून पाहिला. खरंच कापली होती.