आतडं, आलेख आणि आई

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आज आतड्याच्या प्रयोगाचा आलेख आला. तीन आठवड्यांनी.

सकाळी सहाला चिकनच्या दुकानात पोचले तेव्हा शटर अर्धंच वर होतं. मला बघताच मामा आतल्या पोराला म्हणाले, "ताईंना आतडं पायजे, आधी तेवढं काढ." पहिल्या दिवशी मी थर्मास पुढे केला तेव्हा ते बघतच राहिले होते. लोक जे टाकून देतात ते मी मागत होते. पैसे त्यांनी आजवर घेतले नाहीत. त्यांच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक पुसट रेघ आहे, ऑगस्ट २०१९ च्या पाण्याची. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना "आयर्विनला किती फूट?" विचारतात. म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलं. ४० ला इशारा, ४५ ला धोका. मीही आता सकाळी उठल्यावर आधी तोच आकडा बघते.

थर्मासमध्ये थंड टायरोड द्रावण असतं, आतडं जिवंत ठेवणारं क्षारांचं पाणी. मीठ लिटरला ८ ग्रॅम, ग्लुकोज १ ग्रॅम, बाकीचे क्षार थोडे थोडे. पहिल्या आठवड्यात मी कॅल्शियम क्लोराइड घाईने एकदम ओतलं आणि सगळं दुधासारखं गढूळ झालं. ते शेवटी, पातळ करून, हळूहळू घालायचं असतं. त्या दिवशी हॉस्टेलवर येऊन खूप रडले होते. द्रावणासाठी नव्हे, घर, वसमत, एवढं लांब आहे म्हणून.

आज दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा ३७ अंशांच्या ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे त्याच द्रावणाच्या कोमट नळीत, लावला. हवेचे बुडबुडे सोडले, अर्धा तास स्थिर होऊ दिला. मग ॲसिटिलकोलीनचा, म्हणजे स्नायूला आवळायला सांगणाऱ्या रसायनाचा, पहिला थेंब. आतडं आवळलं, त्याला बांधलेली तरफ हलली, काजळी धरलेल्या कागदावर पांढरी रेघ उठली. मात्रा दुप्पट, रेघ उंच. धुतलं की पुन्हा खाली.

नंतर ॲट्रोपीन घातलं. धोतऱ्यात असतं तेच. मघाची मात्रा देऊनही रेघ जेमतेम हलली. एसटीत कुणीतरी आधीच रुमाल टाकून जागा धरावी, तसं ॲट्रोपीन रिसेप्टरवर, म्हणजे ॲसिटिलकोलीनच्या जागेवर, बसतं. पण ॲसिटिलकोलीन वाढवत नेलं तशी गर्दीपुढे रुमाल हटला आणि रेघ पहिल्याच उंचीला गेली. पुस्तकात हा वक्र मी शंभरदा काढला असेल. आज तो माझ्या समोर, एका मेलेल्या पक्ष्याच्या आतड्याने काढला. कागद लाखेत बुडवताना हात थरथरत होते.

रात्री आईला फोनवर सगळं सांगून टाकलं. आमच्या घरी अंडंसुद्धा शिजत नाही, म्हणून इतके दिवस लपवलं होतं. ती बराच वेळ गप्प राहिली.

"त्याला कळतं का गं काही?"

"नाही आई. मेंदूशी संबंधच तुटलेला असतो. फक्त आवळायचं तेवढं त्याच्यात उरलेलं असतं."

पुन्हा गप्प. मग म्हणाली, "त्या दुकानदाराला दिवाळीनंतर आपली हळद नेऊन दे."

"आई, सांगलीत हळदीला काय तोटा?"

"असू दे. ही आपल्या वावरातली आहे."