कॅसेट अपडेट: मावशीचा खजिना, आयडेंट आणि शहनाई

मंडळी, पाऊस एकदाचा सरला आणि व्हीसीआर माळ्यावरून खाली आला, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेटांवरून चॅनेलांचे आयडेंट (दोन कार्यक्रमांच्या मधे लागणारी लोगोची छोटी फीत) शोधून कॉम्प्युटरवर उतरवायचं आपलं काम पुन्हा सुरू. पावसाळ्यात मी कॅसेटला हातच लावत नाही, आपल्या मुंबईच्या दमट हवेत टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते आणि तसली एक कॅसेट जरी फिरवली तरी ती घाण व्हीसीआरच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसून पुढच्या चांगल्या कॅसेटचीही वाट लावते. त्यामुळे आधी झडप उघडून टॉर्च मारायचा, मगच आत सरकवायची.

या खेपेला गिरगावातल्या मावशीच्या कॅसेटा आणल्यात. आपल्या कामाला जपून रेकॉर्डिंग करणारी माणसं फार उपयोगाची नसतात हे पुन्हा पटलं, कारण आमचा मामा जाहिराती लागल्या की लगेच पॉज दाबायचा, मालिका एकदम स्वच्छ पण दोन कार्यक्रमांच्या मधलं सगळं गायब. मावशी मात्र रेकॉर्डचं बटण दाबून जी स्वयंपाकघरात जायची ती जायचीच, त्यामुळे मालिका संपली, प्रोमो झाले, चॅनेलचा आयडेंट आला, पुढचा कार्यक्रम सुरू झाला, टेप संपेपर्यंत सगळं आहे. धन्य ती माउली!

एका कॅसेटवर अल्फा मराठी आणि त्याच्याच मागोमाग ईटीव्ही मराठी, दोघांचेही आयडेंट सापडले. लेबलवर नुसतं 'सिरियल' लिहिलंय, पण अल्फाचं झी मराठी झालं 2005 ला आणि ईटीव्ही मराठी आलं 2000 ला, म्हणजे रेकॉर्डिंग या मधल्याच काळातलं. प्रोमोवाले तर 'येत्या सोमवारपासून' म्हणून मोकळे, कुठला सोमवार ते आपण शोधायचं. एक दिवाळीची जाहिरात आहे मधे, त्यावरून महिना तरी लागेल.

पण खरी मजा जुन्या कॅसेटवर, दूरदर्शन! तो डोळा, दोन वक्र तुकडे फिरत फिरत येऊन जुळतात तो, एनआयडी या डिझाइन संस्थेत शिकणाऱ्या देवाशिष भट्टाचार्य यांनी काढलेला, ट्यून पंडित रविशंकरांची, आणि 1976 ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं तेव्हा आलेला. म्हणजे वरळीचं आपलं केंद्र, जे 1972 च्या 2 ऑक्टोबरला सुरू झालं, ते पहिली काही वर्षं या डोळ्याविनाच चाललं, हे डोक्यातच येत नाही कधी.

चित्र बरंय, पण आवाज डोलतोय. मालिकेतल्या संवादांत ते कळतही नाही, पण दूरदर्शनच्या ट्यूनमधल्या शहनाईचा लांब सूर लागला की टेप कुठे ताणलीय ते लगेच कानाला टोचतं. पिच दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरने थोडं सावरलं, जास्त ओढलं तर मात्र शहनाईची पिपाणी होते, म्हणून तिथेच थांबलो. मूळ कॅप्चर (टेपवरून कॉम्प्युटरवर उतरवलेलं) लॉसलेसमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता, वेगळं ठेवलंय.

आणि डीइंटरलेस करणाऱ्यांनो, म्हणजे टेपवरच्या फ्रेमची दोन फील्ड (एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम) मिळून अखंड चित्र करणाऱ्यांनो, सरसकट फिल्टर मारू नका. फिल्मवर शूट करून सेकंदाला 25 फ्रेमने दाखवलेल्या आयडेंटमध्ये दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असतात, तिथे उगाच धार जाते. नंतरचे कॉम्प्युटरवर केलेले बरेचसे लोगो मात्र सेकंदाला 50 फील्डने फिरतात, तिथे फिल्टर हवाच. एकेक फील्ड पुढे सरकवून बघा, हालचाल दर फील्डला होतेय की एक सोडून एक.

पुढची खेप मुलुंडहून, दहा-बारा कॅसेटा आहेत म्हणे. तुमच्याकडे कुणी असा रेकॉर्डर चालू ठेवून विसरणारा असेल तर कळवा, आणि प्लीज कॅप्चर करताना शेवट कापू नका.