फाटकावरचा चेहरा ओळखू यावा म्हणून

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घरी आई आणि बाबा दोघेच राहतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. त्या घराचे जुने अॅनालॉग कॅमेरे काढून आम्ही अलीकडेच नेटवर्क कॅमेरे, म्हणजे संगणकाच्या जाळ्यातून चित्र पाठवणारे कॅमेरे, बसवून घेतले. कोकणात आज अशी पुष्कळ घरे आहेत, जिथे वडीलधारी माणसे एकटी असतात आणि मुले दूर गावी असतात. अशा कोणी दुकानात चौकशी केली, की बोलणे लगेच मेगापिक्सेलवर आणि किमतीवर येते. घराच्या कोणत्या जागी, किती अंतरावरून, नेमके काय ओळखू यायला हवे हे आधी ठरवावे आणि मगच कॅमेरा निवडावा, असे माझे ठाम मत आहे.

आमच्याकडे ती जागा म्हणजे फाटक. पडवीच्या खांबावरून ते सुमारे ९ मीटरवर आहे. जुना कॅमेरा जुन्या दूरचित्रवाणीच्या पाल पद्धतीचा होता आणि त्याचे चित्र डीव्हीआरमध्ये, म्हणजे चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्रात, आडवे ७०४ व उभे ५७६ ठिपके (पिक्सेल) इतक्याच तपशिलाने साठत असे. एक तृतीयांश इंची सेन्सर आणि ३.६ मिलिमीटरचे भिंग असेल, तर ९ मीटरवर साधारण १२ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. ७०४ ठिपके १२ मीटरवर वाटले, की प्रत्येक मीटरच्या वाट्याला जेमतेम ६० ठिपके येतात. सुरक्षा कॅमेऱ्यांसंबंधीच्या आयईसी ६२६७६-४ या २०१४च्या आंतरराष्ट्रीय मानकात ओळखीची व्यक्ती ओळखता यावी म्हणून मीटरमागे १२५ ठिपके धरले आहेत आणि अनोळखी व्यक्तीची ओळख पटण्यासाठी २५०. त्यामुळे फाटकाशी कोणीतरी उभे आहे एवढेच जुन्या चित्रात कळत असे, ते कोण आहे हे कळत नसे.

याच हिशेबाने नवा कॅमेरा तपासला, तेव्हा नुसते मेगापिक्सेल वाढवून काम होत नाही हे लक्षात येते. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र आडवे २५६० ठिपक्यांचे असते. पण बाजारात सर्रास मिळणारे २.८ मिलिमीटरचे भिंग घेतले, तर ते जवळपास १०० अंशांचा कोन व्यापते. ९ मीटरवर हा पट्टा २१ मीटरहून रुंद होतो आणि मीटरमागे सुमारे १२० ठिपके उरतात, म्हणजे एवढा खर्च करूनही आपण ओळखीच्या माणसासाठीच्या मर्यादेच्याही किंचित खालीच राहतो. त्याच कॅमेऱ्याला ६ मिलिमीटरचे भिंग लावले, की पट्टा सुमारे ९ मीटरचा होतो आणि मीटरमागचे ठिपके २७० ते २८०च्या घरात जातात. म्हणून फाटकाकडे ६ मिलिमीटरचा कॅमेरा ठेवला आणि संपूर्ण अंगण दिसावे यासाठी २.८ मिलिमीटरचा वेगळा कॅमेरा लावला. तिसरा कॅमेरा मागील दारी आहे आणि चौथा आगरातल्या विहिरीवर, पंपाच्या खोलीपाशी. दुकानदार बहुधा सगळीकडे एकाच भिंगाचे कॅमेरे सुचवतात, कारण साठा ठेवायला ते सोयीचे असते. ग्राहकाने मात्र मापपट्टी घेऊन अंतरे मोजावीत आणि प्रत्येक जागेचे भिंग लिहून न्यावे.

यानंतरचा मोठा प्रश्न केबलचा. अॅनालॉगपासून थेट नेटवर्ककडे जाणे प्रत्येकाला आवश्यकच आहे असे नाही, हे येथे नमूद करायला हवे. एचडी-टीव्हीआय, एचडी-सीव्हीआय आणि एएचडी या पद्धतींचे कॅमेरे जुन्याच कोअॅक्सियल केबलवरून १०८० ओळींचे आणि त्याहूनही स्पष्ट चित्र पाठवू शकतात, आणि दोन्ही प्रकारचे कॅमेरे जोडता येणारे रेकॉर्डरही मिळतात. ज्यांच्या भिंतींतल्या केबली शाबूत आहेत, त्यांनी या मार्गाचा जरूर विचार करावा. आमच्या थ्री-प्लस-वन (चित्राची केबल आणि बारीक तारा एकत्र असलेल्या) केबलीचे बीएनसी जोड मात्र खाऱ्या हवेने आणि पावसाने हिरवे पडले होते. शिवाय १२ व्होल्टचा पुरवठा त्याच केबलीतील बारीक तारांतून जात असल्यामुळे एक विशिष्ट दोष वारंवार दिसे. अंधार पडला, की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची मागणी वाढते, लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर व्होल्टेज खाली येते आणि कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होतो. ज्या वेळी पहारा हवा, नेमक्या त्याच वेळी तो खंडित होत असे.

नेटवर्क कॅमेऱ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती पॉवर ओव्हर इथरनेट, म्हणजे पीओई ही सोय. चित्र आणि वीज दोन्ही एकाच कॅट-६ केबलीतून जातात. २००३च्या ८०२.३एएफ या मानकानुसार नेटवर्क स्विचच्या (सगळ्या केबली जोडण्याच्या पेटीच्या) एका पोर्टवरून १५.४ वॉट दिले जातात आणि केबलीतील घट धरून कॅमेऱ्याला १२.९५ वॉट मिळू शकतात, जे साध्या स्थिर कॅमेऱ्याला पुरेसे असतात. येथे व्होल्टेज ४८च्या आसपास असते. १२ व्होल्टच्या तुलनेत ते चौपट असल्याने तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह एक चतुर्थांश लागतो आणि तारेचा रोध तोच असेल, तर तिच्यात वाया जाणारी वीज सोळाव्या हिश्श्यावर येते. घराच्या तिन्ही कॅमेऱ्यांची वीज एकाच ठिकाणाहून निघत असल्यामुळे रेकॉर्डर आणि राऊटर यांना एक यूपीएस लावला, की पावसाळ्यात वीज गेली तरी यंत्रणा चालू राहते.

जुन्या केबली ज्यांतून गेल्या होत्या ते पीव्हीसी पाईप धड असल्यामुळे जांभ्याच्या भिंती पुन्हा फोडाव्या लागल्या नाहीत. जुन्या केबलीच्या टोकाला नवी केबल घट्ट बांधून एका बाजूने जुनी ओढली, की नवी आपोआप आत येते. येथे एका फसवणुकीविषयी सावध करणे मला आवश्यक वाटते. स्वस्त कॅट-६ म्हणून विकली जाणारी पुष्कळशी केबल अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, तिला व्यवहारात सीसीए म्हणतात. तिचा रोध शुद्ध तांब्यापेक्षा बराच जास्त असतो, ती तापते आणि वाकवल्यावर लवकर तुटते. तार चाकूने खरवडून पाहावी. आतून चांदीसारखी पांढरी निघाली, तर ते बंडल परत करावे.

विहीर १०० मीटरच्या पलीकडे आहे, आणि तांब्याच्या इथरनेट केबलीची मर्यादा तेवढीच आहे. तिथपर्यंत आम्ही ऑप्टिकल फायबर टाकली आणि दोन्ही टोकांना फायबर आणि इथरनेट जोडणारे मीडिया कन्व्हर्टर बसवले. अंतराइतकेच याचे दुसरेही कारण होते. मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे विजांचा कडकडाट असतो, आणि आगरातून घरात येणारी लांब तांब्याची तार म्हणजे विजेच्या लाटेला थेट रेकॉर्डरपर्यंतचा रस्ता. धातूचे कवच नसलेली फायबर घेतल्यास तो रस्ताच राहत नाही. पंपाच्या खोलीत वीज आधीपासून असल्याने तेथील कॅमेऱ्याच्या विजेचा प्रश्न सहज सुटला.

साठवणुकीचा हिशेब सोपा आहे. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट माहिती पाठवत असेल, तर दिवसाला ४३ गिगाबाइट जागा लागते. चार कॅमेऱ्यांना २ टेराबाइटची डिस्क अकरा-बारा दिवस पुरते. चित्र दाबून लहान करणाऱ्या एच.२६५ पद्धतीने हा प्रवाह साधारण निम्म्यावर आणता येतो आणि तीच डिस्क तीन आठवडे चालते. अखंड लेखन सोसणारी, खास या कामासाठीची डिस्क घ्यावी.

एक जबाबदारी मात्र नवीन आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झालेले मला पाहवत नाही. नेटवर्क कॅमेरा हा भिंतीवर बसवलेला छोटा संगणकच आहे. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर ऑक्टोबरमध्ये संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीच्या सेवेवर हल्ला चढवून अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. आम्ही घेतलेल्या एनव्हीआरला (नेटवर्क कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला) स्वतःचे पीओई पोर्ट आहेत आणि कॅमेरे त्याच्या अंतर्गत जाळ्यातच राहतात, त्यांना इंटरनेटचा थेट रस्ता नाही. विहिरीकडून येणारी जोडणीही त्यातल्याच एका पोर्टला दिली आहे. राऊटरमधील यूपीएनपी (उपकरणांना बाहेरचा रस्ता आपोआप उघडू देणारी सोय) बंद केले, पोर्ट फॉरवर्डिंग करून, म्हणजे हाताने, तसा रस्ता उघडला नाही आणि पुण्याहून पाहण्यासाठी व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतची सांकेतिक खासगी जोडणी, वापरते. भारतात एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या अटी पूर्ण करणे बंधनकारक झाले आहे. खरेदी करताना त्या प्रमाणपत्राची विचारणा अवश्य करावी.

माजघरात किंवा स्वयंपाकघरात कॅमेरा नको, असे आईने सुरुवातीलाच सांगितले आणि मला ते पूर्णपणे पटले. काळजीपोटी का होईना, आई-वडिलांच्या घरातल्या वावरावर दुरून नजर ठेवण्याचा अधिकार मुलांना नाही. अंगणाच्या कॅमेऱ्यात शेजाऱ्यांचे मागील दार येत होते, तो भाग सेटिंगमध्ये झाकून टाकला आणि तसे काकूंना जाऊन दाखवले.

शेवटची बाब पुराव्याची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असे चित्रीकरण न्यायालयात सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाईलचे हॅश मूल्य, म्हणजे फाईल बदलली की बदलणारा तिचा सांकेतिक ठसा, द्यावे लागते. म्हणून पडद्यावरचे दृश्य मोबाईलवर टिपून पाठवणे पुरेसे नसते, एनव्हीआरमधून मूळ फाईल काढून ठेवावी लागते. चित्रावरची वेळही अचूक असली पाहिजे. आमच्या रेकॉर्डरचे घड्याळ आता इंटरनेटवरून अचूक वेळ देणाऱ्या एनटीपी सर्व्हरवरून जुळते, आणि घटना घडल्यास मूळ फाईल पेनड्राइव्हवर कशी घ्यायची, याच्या पायऱ्या बाबांनी स्वतः लिहून एनव्हीआरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या आहेत.