मोंढ्यात त्यानं ओळख दिली नाही

सोमवार, रात्री

आज मोंढ्यात तो समोरून आला. सोयाबीनचे ढीग पडलेले, पाय ठेवायला जागा नाही, म्हणजे अगदी हातभर अंतरावरून. मी थांबलो. त्यानं पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि काट्याकडे निघून गेला. आमच्या मोंढ्यात अनोळखी माणूससुद्धा राम राम घालतो. यानं मानही हलवली नाही.

दुपारभर तेच डोक्यात. हिशोबपट्ट्यांवरचे आकडे खोडावे लागले. घरी आल्यावर मंगलनं विचारलं, "कामून गप आहात?" विचारताना ती जरा जवळ सरकली. कशासाठी, ते मला कळलं. त्याबद्दल आज लिहीत नाही.

तिला सांगताही येईना. मी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, मीटिंगला जातो हे तिला माहीत आहे, पण तिथं कोण भेटतं ते घरीही सांगायचं नसतं. म्हणून तो काय काम करतो, कोणत्या आळीत राहतो, हे या वहीतही नको. आमच्या गावाचं नावही नको.

पण लागलं खरं. गुरुवारी हाच माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीवर होता. मी बोलताना अडखळलो तेव्हा कुणी मधे बोललं नाही, कुणी सल्ला दिला नाही, आणि हा डोळे मिटून ऐकत होता. शेवटी सगळे उभे राहून प्रार्थना म्हणतात तेव्हा माझा हात यानंच धरला होता. तो हात आणि आजची ही पाठ, एकाच माणसाची कशी?

मीटिंग शोधतानाच किती जीव काढला होता. सरकारच्या व्यसनमुक्तीच्या १४४४६ नंबरवर फोन केला तोसुद्धा गच्चीवर जाऊन. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, रोजची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, झटके येतात, भ्रम होतो, गोळ्या घेऊनच सोडा. गोळ्यांनी हात थरथरायचे थांबले. संध्याकाळचं काय करायचं, ते गोळीत नव्हतं. जालना जवळ पडलं असतं, पण तिथं अप्पांचे सगळे पाव्हणे. म्हणून जालना मागे टाकून संभाजीनगर गाठलं, जिथं मला कुणी ओळखणार नाही. दारातून आत पाहिलं तर हा बसलेला. मागे फिरणार होतो. यानंच उठून खुर्ची सरकवली.

तिथं कुणी आडनाव विचारलं नाही. आपल्याकडे पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी विचारतात, कुठले, कुणाचे. तिथं नुसतं नाव सांगायचं आणि मी मद्यपी आहे म्हणायचं. फी नाही, रजिस्टर नाही. पेटी फिरली तर नवीन माणसानं टाकू नये म्हणाले. दारू सोडायची इच्छा एवढंच लागतं.

जेवण झाल्यावर ओसरीवर बसलो तेव्हा आठवलं, तो समोरून आला तेव्हा माझ्या शेजारी शेठजींचा मुलगा उभा होता. यानं राम राम घातला असता तर त्यानं विचारलंच असतं, तुमची ओळख कधीची? याचं पिणं साऱ्या मोंढ्याला माहीत होतं, सोडणंही माहीत आहे. त्याचं झाकण्यासारखं काही उरलेलं नाही. झाकायचं होतं ते माझं. त्यानं ते झाकलं आणि स्वतः तुसडा ठरला.

एवढं कळूनही छातीतलं गेलं नाही. कारण मला ओळख हवीच होती. आठवड्यातली एक संध्याकाळ संभाजीनगरात जाते, बाकीच्या इथं. मोंढा उठला की स्टँडमागच्या रस्त्यानं घरी यायचं, आणि त्याच रस्त्यावर ती दुकानं. त्या वेळी शेजारून चालणारं एक माणूस हवं. मंगल नव्हे, तिनं पुष्कळ सोसलं. पिऊन सोडलेलं माणूस हवं.

या मीटिंगांची गोष्ट सुरूच अशी झाली म्हणे. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन नावाच्या गावी बिल नावाचा शेअरदलाल कामासाठी आला होता. दारू सोडून काही महिने झालेले. काम फसलं, हॉटेलात एकटा, बाजूला बार. त्यानं फोन करकरून दुसरा एक पिणारा शोधला, बोलायला. तो निघाला डॉक्टर बॉब, शस्त्रक्रिया करणारा. त्याला वाचवावं म्हणून नव्हे, स्वतः टिकावं म्हणून शोधला. बॉबनं शेवटचा पेला घेतला ती १० जून ही तारीख आजही स्थापनेची म्हणून धरतात. दोघांचीच सुरुवात, आणि आजही दोन माणसं बसली की मीटिंग होते.

दोघं तर आम्ही आहोतच.

गुरुवारी त्याला विचारणार आहे. मोंढा उठल्यावर एखाद्या संध्याकाळी इथंच बसायचं. पारावर नको, तिथं सगळं गाव. शाळेची खोली मागायची तर भाऊसाहेबांना कारण सांगावं लागेल. माझं सांगेन. दुसरं कोण, असं त्यांनी विचारलं तर म्हणेन, ते तेवढं विचारू नका.